सुयशच्या तीन पिशव्या

रविवारी सकाळी मिल्टन कीन्सहून मेडनहेडला सासऱ्यांकडे निघताना सुचेताने गाडीत पाच डबे, प्रेशर कुकर, थर्मामीटर, सॅनिटायझरच्या दोन बाटल्या आणि हॉस्पिटलचा फॉर्म असं सगळं आठवणीने ठेवलं, आणि तिसरा राउंडअबाउट ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून चहाच घेतलेला नाही. अर्जुनला सांगितलं असतं तर नवरा म्हणून तो थांबलाही असता, पण मग हायवेवरच्या कुठल्या सर्व्हिसेसला थांबायचं, तिथे गर्दी असेल का, शाल्मलीने गाडीतच बसावं का, यावर दहा मिनिटं गेली असती. त्यापेक्षा चहा नको, हे सोपं होतं. गेले अकरा आठवडे ती असंच सोपं सोपं निवडत आली होती.

शाल्मली मागे मास्क लावून बसली होती. सव्वीस वर्षांची पोर, डिसेंबरपर्यंत रोज रेडवेच्या सायकलवाटेवरून सायकल मारत ऑफिसला जाणारी. आता सीटबेल्टखाली टॉवेलची घडी घेऊन बसायची, कारण नुसत्या पट्ट्यानेही तिच्या खांद्यावर काळानिळा वळ उठायचा. अर्जुन प्रत्येक वळण इतकं हळू घेत होता की मागच्याने हॉर्न दिला. या देशात कुणी हॉर्न दिला म्हणजे हद्दच झाली म्हणायची.

अप्लास्टिक ॲनिमिया हे नाव आता घरात सगळ्यांना पाठ होतं, पण जानेवारीत पुण्यात, स्वतःच्या आईला ते समजावताना सुचेताच्या नाकी नऊ आले होते.

"हाडांच्या आत मॅरो असतो ना आई, गर. रक्त तिथे तयार होतं. हिचा तो गर रिकामा झालाय. लाल पेशी बनत नाहीत, पांढऱ्या बनत नाहीत, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्सही बनत नाहीत."

"म्हणजे कॅन्सर?"

"कॅन्सर नाही."

"सुटलो बाई."

"नाही गं आई, सुटलो नाही."

बाहेरून रक्ताच्या पिशव्या चढवायच्या आणि दिवस काढायचे. जरा ताप आला की ॲम्ब्युलन्स. खरं औषध एकच, दुसऱ्या कुणाच्या तरी धडधाकट मॅरोतल्या पेशी हिच्या अंगात घालायच्या आणि त्या रुजण्याची वाट बघायची. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. न जुळलं तर जगभरच्या दात्यांच्या यादीत शोधायचं, आणि त्या यादीत आपल्याकडची माणसं शोधावी लागतात इतकी कमी.

तेव्हापासून देवस्थळी कुटुंबात स्पेशालिस्ट शोधण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. सुचेताचे सासरे रघुवीर यांनी चाळीस वर्षं ब्रिटिश हॉस्पिटलांमध्ये लोकांचे खुबे आणि गुडघे बदलले होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरातल्या कुणाच्याही शरीराबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांच्या मते प्रत्येक आजाराचा एक माणूस असतो. तो माणूस शोधायचा, त्याच्यापर्यंत ओळख काढायची आणि पेशंट त्याच्या हवाली करून मोकळं व्हायचं. त्यांनी ग्लासगोच्या जुन्या मित्राला फोन केला, नागपूरच्या वर्गबंधूला केला, गोल्फ क्लबातल्या एका निवृत्त न्यायाधीशाच्या जावयालासुद्धा केला. अर्जुनने एकोणीस नावांची स्प्रेडशीट केली आणि तिला रंग दिले. नणंद कस्तुरी केंब्रिजला गव्हावरच्या रोगांचं संशोधन करायची. तिने रोज रात्री लेख पाठवायला सुरुवात केली आणि बापाला सांगितलं, "बाबा, ट्रान्सप्लांट कुणी एक माणूस करत नाही. टीम करते." त्यावर ते म्हणाले, "टीमलाही कॅप्टन असतो. तू गव्हाची डॉक्टर, गव्हाचं बघ." मग दोघं आठ दिवस बोलले नाहीत. दोघांचे निरोप सुचेताच्या फोनवर यायचे.

आणि एवढा सगळा गोंधळ चालू असताना मिल्टन कीन्सच्या साध्या रक्ततज्ज्ञ बाईंनी कुणालाही न विचारता एक पत्र केंब्रिजच्या ट्रान्सप्लांट टीमला पाठवून दिलं होतं. ते पत्र आपलं आपण पोचलं, तपासण्या झाल्या, आणि परवा शुक्रवारी तिथल्या नर्सचा, ब्रिजेटचा फोन आला. शाल्मलीने आईचा नंबर देऊन ठेवला होता. तिला रोज तेच तेच ऐकायचा कंटाळा आला होता.

सुचेता तेव्हा कामावर, कौन्सिलच्या ऑफिसात होती. ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"तिचा भाऊ, सुयश, पूर्ण जुळतोय," ब्रिजेट म्हणाली. "दहापैकी दहा खुणा."

सुचेता पायरीवर बसली आणि रडली. ब्रिजेटने तिला रडू दिलं. मग मंगळवारची अपॉइंटमेंट सांगितली, फॉर्म ईमेल केल्याचं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, "चौथ्या पानावर आजवर चढवलेलं सगळं रक्त लिहा. परदेशातलंही. घरातल्या कुणाचं चढवलं असेल तर ते न विसरता लिहा."

"घरातल्या कुणाचं म्हणजे?"

"या आजारात घरच्यांचं रक्त चढवू नये. पेशंटचं शरीर ते ओळखून ठेवतं. पुढे त्याच माणसाचा मॅरो दिला की त्याला परकं म्हणून हाकलून लावायची भीती वाढते. कुणी दिलंच असेल तर आम्हाला आधी कळायला हवं, म्हणजे तशी तपासणी करून तयारीची औषधं बदलता येतात. कळलंच नाही तर मात्र कठीण होतं."

सुचेता थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला. जिन्यात ती आणखी वीस मिनिटं बसून होती, पण आता रडत नव्हती.

जानेवारीत ते चौघे तिच्या भाच्याच्या, क्षितिजच्या लग्नाला पुण्याला गेले होते. हळदीच्या दिवशी शाल्मलीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. सासऱ्यांचे वर्गमित्र पद्माकर यांच्या नर्सिंग होममध्ये तिला ठेवलं. प्लेटलेट्स नऊ हजार. सुचेताने मेडनहेडला सासऱ्यांना फोन लावला आणि पलीकडून तो शांत, खर्जातला आवाज आला. "घाबरू नकोस. सुयशचा ग्रुप तोच आहे. घरचं रक्त द्या. बाहेरचं कुणाचं असेल, काय असेल, सांगता येत नाही." तिला किती बरं वाटलं होतं तेव्हा. सुयशने तीनदा हात पुढे केला. दोनदा मशीनला जोडून प्लेटलेट्स, एकदा रक्ताची पिशवी. बाविशीचा पोरगा, सुईला घाबरणारा. तिनेच त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, यंदाची भाऊबीज जानेवारीत. चाळीस लोकांनी हात जोडले होते.

दोन दिवस ती हे पोटात घेऊन फिरत होती. अर्जुनला सांगितलं तर तो बाबांना फोन करणार. कस्तुरीला सांगितलं तर ती बाबांना फाडून खाणार, आणि तिला तसं हत्यार द्यायची सुचेताची इच्छा नव्हती. पण खरी भीती या दोघांची नव्हतीच. सुयशला कोण सांगणार, ही होती.

मेडनहेडला पोचल्यावर तिने आधी चहा टाकला. सुयश युनिव्हर्सिटीतून ट्रेनने परस्पर आला होता आणि आल्यापासून हसत होता. त्याने दारातच दंड फुगवून दाखवला. "दहापैकी दहा. माझी लाइफमधली पहिली फुल मार्क्स."

"पहिले," कस्तुरी म्हणाली.

"व्हॉटेव्हर, आत्या."

जेवणाला सगळं वाफाळतं होतं. शाल्मलीला कच्चं काही चालत नव्हतं, म्हणून कुणीच कोशिंबीर केली नव्हती. सासऱ्यांनी आज टाय लावला होता. सासूबाई गेल्यापासून ते घरात जेवताना टाय लावत नसत. त्यांनी वरणभात कालवता कालवता जाहीर केलं, "लंडनच्या त्या रक्ताच्या स्पेशालिस्ट सरांची वेळ मिळाली आहे. तीन आठवड्यांनी."

"आपल्याला परवाची वेळ आहे ना," कस्तुरी म्हणाली.

"ती टीमची."

"बाबा, त्या टीमने डोनर शोधलाय. तुमच्या सरांनी काय शोधलंय?"

अर्जुन घाईघाईने म्हणाला, "दोन्ही करू ना. सेकंड ओपिनियन. स्प्रेडशीटमध्ये तो कॉलम आहे."

शाल्मली भाताकडे बघत म्हणाली, "मी मंगळवारी केंब्रिजला चाललेय. बाकी तुम्ही काय करायचं ते करा. मला थोडं झोपायचंय." आणि ती वर आत्याच्या जुन्या खोलीत गेली. तिला तेवढा जिना चढायलाही आता मध्ये थांबावं लागायचं. सगळे ती थांबल्याचं ऐकत होते आणि कुणी घास घेत नव्हतं.

सासऱ्यांनी हात धुतले. "ठीक आहे. केंब्रिज तर केंब्रिज. फॉर्म आण सुचेता, मी भरतो. तुम्ही लोक अर्धवट भरता."

हे ठरलेलंच होतं. घरातला कुठलाही वैद्यकीय कागद तेच भरायचे, शाईच्या पेनाने, कॅपिटल अक्षरांत. सुयश मागच्या बागेत गवत कापायला गेला, आजोबांनी सांगितलं म्हणून, आणि कदाचित टेबलावरून उठायला मिळालं म्हणूनही. सुचेता भांडी लावायचं निमित्त करून टेबलाभोवती घुटमळत राहिली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्या पानावर पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग लिहिलं, जानेवारी, पुणे, तीन युनिट. त्यापुढे रक्तदात्याशी नातं असा रकाना होता. तिथे त्यांनी एक आडवी रेघ ओढली आणि इंग्लंडातल्या तारखा लिहायला घेतल्या.

सुचेताच्या हातातली प्लेट ओली होती, ती तिने उगाच दोनदा पुसली.

"बाबा, जरा किचनमध्ये येता?"

ते आले. दार तिने लोटून घेतलं. बाहेर गवताच्या मशीनची घरघर चालू होती.

"त्या रकान्यात सुयशचं नाव यायला हवं," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत ती या माणसाशी अशा सुरात बोललेली नव्हती, आणि आताही तिचा आवाज तिला वाटला तेवढा पक्का निघाला नाही.

"त्याने काही होत नाही."

"ब्रिजेट म्हणाली, होतं."

"नर्स आहे ती."

"बाबा, होतं हे तुम्हालाही माहीत आहे. तुमचं पेन थांबलं."

ते फ्रिजला टेकले. एकोणऐंशी वर्षांचा उंच माणूस, पण टेकल्यावर कोटाचे खांदे रिकामे वाटले.

"लिहिलं तर ते सुयशला नको म्हणतील," ते म्हणाले. "सुचेता, एवढ्या जगात तिला जुळणारा एकच माणूस सापडलाय. दात्यांच्या रजिस्टरमध्ये आपलं कोण बसलंय? एक नाव लिहिल्याने तो एकही गेला तर? तू त्याची जबाबदारी घेशील?"

तिने याचा विचार केला नव्हता. दोन दिवस ती मान-अपमानाचा, भांडणाचा विचार करत होती, आणि हा म्हातारा पोरीच्या जिवासाठी खोटं लिहीत होता. क्षणभर तिला वाटलं, राहू दे ती रेघ. रेघच तर आहे. तीन पिशव्या, सगळं सुरळीतही होईल. होतंच कितीतरी लोकांचं.

"नको म्हणाले तर आपण दुसरं शोधू," ती शेवटी म्हणाली. "पण न सांगता तिच्या अंगात त्याचा मॅरो घातला आणि तो तिने फेकून दिला तर? तेव्हा तिच्याकडे स्वतःचाही नसेल ना बाबा? औषधं देऊन उरलासुरलाही काढून टाकतात."

"हो," ते म्हणाले. "काढून टाकतात."

दार उघडून अर्जुन आत आला, मागोमाग कस्तुरी. कस्तुरीच्या हातात फॉर्म होता. "वहिनी, हा रकाना असा का? जानेवारीत तर सुयशने," आणि तिथेच ती थांबली. ती गव्हाची असली तरी शास्त्रज्ञ होती. तिने अंगठा रकान्यावर तसाच ठेवून बापाकडे पाहिलं.

"कस्तुरी, एक बॉक्स आहे तो," अर्जुन म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं, पण बाबांची बाजू घ्यायची हे त्याला लहानपणापासून आपोआप जमायचं. "बाबांनी विचार करूनच भरला असेल."

"तेच तर म्हणतेय मी. विचार करून भरलाय." कस्तुरीचा आवाज चढला. "बाबा, आयुष्यभर तुम्ही—"

"कस्तुरी, आत्ता नको," सुचेता म्हणाली. "तुझं काय असेल ते नंतर. फोटो ग्रुपवर मी टाकला होता. मलाही फार अभिमान वाटला होता. मी सुयशला बोलावते, शाल्मलीला बोलावते, आणि मी सांगते. फॉर्म तिचा आहे. सही तिची आहे."

"सुयशला कशाला?" अर्जुन म्हणाला. "त्याला कशाला सांगायचं? ही विल बी क्रश्ड."

"मंगळवारी डॉक्टर त्याच्यासमोरच विचारतील. तिथे कळण्यापेक्षा इथे कळू दे."

अर्जुनने बाबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि या वेळी तो कुणाच्याच बाजूने काही म्हणाला नाही. कस्तुरीने फॉर्म सुचेताच्या हातात दिला आणि वर शाल्मलीला उठवायला गेली. नणंदेने तिचं ऐकून तोंड बंद केल्याची ही बत्तीस वर्षांतली पहिलीच वेळ असावी. सुचेताला त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण आनंद व्हायलाही अंगात थोडं बळ लागतं.

तिने मागचं दार उघडलं. "सुयश, मशीन बंद कर. आत ये."

टेबलाभोवती सगळे बसले. शाल्मली शाल पांघरून, मास्क हनुवटीवर. सुयशच्या बुटांना गवत लागलेलं. सुचेताने जिन्यात ऐकलेलं सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, आणि अवघड शब्दांना इंग्रजीत, कारण मुलांना ते तसेच कळायचे. तिने काही लपवलं नाही. कुणी काय म्हणालं तेवढं गाळलं. रक्त द्यायचं कुणी ठरवलं, हे तिने सांगितलं नाही.

सुयशचं हसू कधी गेलं ते तिला दिसलंच नाही. तिने वर पाहिलं तेव्हा ते नव्हतं.

"म्हणजे शी माइट रिजेक्ट मी," तो म्हणाला. "बिकॉज मी आधी दिला."

"शक्यता वाढते. होईलच असं नाही."

"मी दिला नसता तर?"

अर्जुन फॉर्मची कडा सरळ करत राहिला.

"आई, मी दिला नसता तर?"

"तर दुसऱ्या कुणाचं तरी दिलं असतं," सुचेता म्हणाली, "आणि आज हा प्रश्न नसता." तिला आणखी काही जोडायचं होतं, पण जे सुचलं ते सगळं खोटं वाटलं.

सुयशने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "मला नीडल आवडत नाही. आय हेटेड इट. मला वाटला, अॅट लीस्ट मी काहीतरी करतोय." आणि बाविशीचा तो पोरगा रडायला लागला, लहान मुलासारखा नाही, आवाज न करता, आणि ते बघणं जास्त अवघड होतं. शाल्मलीने टेबलावरून हात लांब करून त्याची बाही धरली. हाताला हात लावायची तिला सक्त मनाई होती.

"तुझा काही संबंध नाही," सासरे म्हणाले.

ते उभे होते. सगळे बसलेले असताना ते उभे होते हे सुचेताच्या आता लक्षात आलं.

"सुयश, माझ्याकडे बघ. तू फक्त हात पुढे केलास. ठरवलं मी. इथून, या खुर्चीत बसून, फोनवर. पद्माकरने मला विचारलं होतं. म्हणाला होता, रघू, सख्ख्या भावाचं नको देऊ या, पुढेमागे मॅरो लागला तर? मी त्याला म्हणालो, वेळ घालवू नकोस, मला शिकवू नकोस. त्याला बरोबर माहीत होतं. मला नव्हतं. मी हाडांचा डॉक्टर. आयुष्यभर ड्रिलला लागलेला मॅरो मी पुसून टाकत आलो. तो काय करतो हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे मला म्हणता आलं नाही."

पद्माकरांची ती गोष्ट सुचेताला माहीत नव्हती. कुणालाच नव्हती. अर्जुनने मान खाली घातली. कस्तुरी खिडकीकडे बघत बसली. जिंकल्याची छटासुद्धा तिच्या तोंडावर नव्हती, उलट तीच सगळ्यांत दमलेली दिसत होती.

"मग आता?" सुयशने बाहीने नाक पुसलं. "मी देऊ शकतो की नाही, आजोबा?"

इतकी वर्षं या टेबलावर असे प्रश्न आले आणि त्यांची उत्तरं मिळाली. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या बाळंतपणाची तारीख. सुचेताही नकळत सासऱ्यांकडे बघायला लागली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मंगळवारी आपण त्यांना विचारू."

शाल्मलीने फॉर्म आपल्याकडे ओढला. "पेन द्या." अर्जुनने पेन दिलं. तिने आडवी रेघ खोडली आणि वर लिहिलं, भाऊ. मग पुढच्या रकान्याशी अडली. "इथे एक्झॅक्ट डेट्स लागतात. कुणाला आठवतात?"

सुचेताने फोन उचलला. फोटोची तारीख मिळाली असती, पण फोटो एकदाच काढला होता. अर्जुन म्हणाला, "सेकंड वीक होता ना? की फर्स्ट?"

"सात जानेवारी, प्लेटलेट्स," सासरे म्हणाले. "दहा जानेवारी, प्लेटलेट्स. तेरा जानेवारी, रक्त. साडेतीनशे मिली."

त्यांच्या हातात कुठला कागद नव्हता. सुचेताला कळलं की हे त्यांना परवा किंवा आज कळलेलं नाही. कित्येक आठवडे हा माणूस या तीन तारखा एकटा म्हणत बसला होता, मोठमोठ्या डॉक्टरांना फोन करत, कुणीतरी एवढा मोठा सापडावा की त्याच्या हातून यातलं काही बिघडणार नाही म्हणून. तिला त्यांचा राग आला, आणि त्यांची इतकी दया आली की तिने पुढे होऊन त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ते बसले नाहीत.

शाल्मली एकेक तारीख लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने पेन सहीच्या जागी नेलं.

"थांब," ते म्हणाले. "सल्ला कुणाचा तेही लिही. रघुवीर देवस्थळी. निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन."

शाल्मलीने पान उलटसुलट करून बघितलं. "त्याच्यासाठी बॉक्स नाहीये, आजोबा."

"मग बाजूला लिही."

तिने आईकडे पाहिलं. सुचेताने मान हलवली. शाल्मलीने कागद जरा तिरका केला आणि समासातल्या अरुंद जागेत लिहायला लागली, आणि तिचं लिहून होईपर्यंत ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून एकेक अक्षर सांगत राहिले.